गाणं कुणाचं, गल्ला कुणाचा?

परवा एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय : पॉप संगीताचा इतिहास आणि विकास. रात्रपाळी उतरून तसाच गेलो, कानात अजून यंत्रं घुमत होती. वक्ते वाचलेले गृहस्थ. 1954 साली मेम्फिसमध्ये एल्विस प्रेस्ली गायला, तिथून त्यांनी सुरुवात केली. मग पाऊण तास बीटल्स. मग मायकेल जॅक्सन, मॅडोना आणि शेवटी आजचं मोबाईलवरचं गाणं. एल्विसच्या आधीची काळी माणसं त्यांनी एका वाक्यात उरकली : या संगीतावर काळ्यांच्या लोकगीतांचा 'प्रभाव' होता.

मी उठून विचारलं, "सर, प्रभाव म्हणजे नेमकं काय? पैसे कुणाला मिळाले?"

लोक हसले. वक्ते लहान पोराची समजूत काढावी तसे म्हणाले, "अहो, संगीताला जात नसते."

दोस्तहो, हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. ज्याला जातीचा फायदा मिळतो त्याला ती दिसत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी हे लिहायला बसलो.

मी बोलणारा कोण? सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस. सूर-ताल मला कुणी शिकवला नाही. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. पण मला हजेरीपत्रक वाचता येतं. काम कुणी केलं, नाव कुणाचं लागलं, पैसा कुणी उचलला, हे तीन रकाने मी बरोबर वाचतो. पॉपचा इतिहास मी तसाच वाचला. प्रस्थापितांच्या पुस्तकात पहिला रकाना पुसट असतो आणि तिसरा नसतोच. त्या दोहोंवर 'प्रभाव' या शब्दाची चादर टाकलेली असते. ती चादर ओढायची, एवढंच माझं म्हणणं.

संगीताला जात नसते? मग तबकडीला कशी काय होती?

1920 साली न्यूयॉर्कमध्ये मॅमी स्मिथ या काळ्या बाईने 'क्रेझी ब्लूज' गायलं. तोवर कंपन्यांचा समज असा की काळी माणसं तबकड्या विकत घेत नाहीत. ही तबकडी धडाक्यात खपली. लगेच ओके कंपनीने काळ्यांसाठी वेगळी मालिका काढली, तिला नाव पडलं 'रेस रेकॉर्ड्स'. आपल्या भाषेत सांगायचं तर जातवार तबकड्या. 'रेस' हा शब्द त्या काळी काळी माणसं स्वतःबद्दल अभिमानानेही वापरत, हे मला ठाऊक आहे. पण शब्द अभिमानाचा असला तरी फळी वेगळी ती वेगळीच. पॅरामाउंट नावाची कंपनी तर विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची. ग्रामोफोनच्या लाकडी पेट्या खपाव्यात म्हणून तिने तबकड्या काढायला घेतल्या. गाणं म्हणजे पेटीबरोबरचा माल. हा माल दक्षिणेत कोण नेई? रेल्वेच्या डब्यात गोऱ्यांच्या बिछान्याच्या चादरी बदलणारे काळे पोर्टर. म्हणजे गाणारी आपली, वाहणारा आपला, विकत घेणारा आपला. फक्त गल्ला त्यांचा.

बेसी स्मिथ ही तर ब्लूजची सम्राज्ञी. 1923 पासून कोलंबिया कंपनीसाठी गायली. प्रत्येक बाजूचे ठरलेले डॉलर हातात आणि मामला खलास, रॉयल्टी नाही. 1937 साली ती गेली. तिच्या थडग्यावर दगड बसायला 1970 साल उजाडलं. पैसे दिले जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या गायिकेने आणि जुआनिता ग्रीन या काळ्या बाईने. कंपनीने नाहीत.

खपाच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्ड साप्ताहिकानेही 1945 ते 1949 काळ्यांच्या यादीला 'रेस रेकॉर्ड्स' म्हटलं. 1949 साली नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. नाव बदललं, यादी वेगळी ती वेगळीच राहिली. नाव बदलल्याने वस्ती बदलत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता येऊ एल्विसवर. 1954 साली सन कंपनीत तो जे पहिलं गाजलेलं गाणं गायला ते 'दॅट्स ऑल राइट'. ते आर्थर क्रडप या मिसिसिपीच्या काळ्या माणसाने 1946 साली ध्वनिमुद्रित केलेलं. एल्विस नालायक होता असं मी म्हणत नाही. त्याचा गळा खरा होता, आणि 1956 साली मुलाखतीत त्याने क्रडपचं नावही घेतलं होतं. प्रश्न गळ्याचा नाही, हिशेबाचा आहे. क्रडप पुढं व्हर्जिनियात शेतमजुरीवर जगला. अखेरच्या वर्षांत त्याच्या थकलेल्या रॉयल्टीबद्दल साठ हजार डॉलरची तडजोड ठरली होती, पण प्रकाशक कंपनीने ऐनवेळी अंग काढून घेतलं. 1974 साली क्रडप मेला. आता सांगा, हा 'प्रभाव' म्हणायचा की बुडवलेला पगार?

लिटल रिचर्डची गोष्ट जरा वेगळी आहे, तिच्यात झगडा आहे. हा मेकन गावच्या बस-स्टँडवर भांडी घासणारा पोरगा. 1955 साली 'टुटी फ्रुटी' गायला. गाण्याचे हक्क गेले पन्नास डॉलरला. लगेच पॅट बून नावाच्या गोऱ्यागोमट्या गायकाने तेच गाणं इस्त्री केल्यासारखं गायलं, आणि गोऱ्यांच्या यादीत तो रिचर्डच्या वर गेला. दोन्ही ऐका, फुकट ऐकायला मिळतात. रिचर्ड ओरडतो तेव्हा वाटतं की भांडी घासणाऱ्या हातांनी सगळी ताटं एकदम आपटली. बूनचं ऐकताना वाटतं, कुणीतरी तीच ताटं पुसून कपाटात लावतोय. पुढचं गाणं 'लाँग टॉल सॅली'. या वेळी रिचर्डचा निर्माता बम्प्स ब्लॅकवेल याने गाणं मुद्दाम इतकं वेगात गाऊन घेतलं की बूनची जीभ वळू नये. बूनने तेही गायलंच, पण या वेळी रिचर्ड पुढं राहिला. मालक साच्याचा वेग वाढवतो तो आपल्याला पिळायला. इथं कामगारानेच वेग वाढवला, मालाची नक्कल होऊ नये म्हणून. समीक्षक या वेगाला 'ऊर्जा' म्हणतात. मी त्याला कुलूप म्हणतो.

अमेरिका सोडून थोडं दक्षिण आफ्रिकेत चला, कारण यापेक्षा उघडा दाखला मला सापडला नाही. सॉलोमन लिंडा हा झुलू कामगार जोहान्सबर्गला गॅलो या रेकॉर्ड कंपनीत मजुरी करायचा. 1939 साली त्याच कंपनीत त्याने आपल्या साथीदारांसह 'मबुबे' म्हणजे 'सिंह' हे गाणं गायलं. हक्क विकले दहा शिलिंगला. तबकडी अमेरिकेत पोचली. पीट सीगरच्या 'वीव्हर्स' मंडळीने ती 'विमोवे' म्हणून गायली. झुलू शब्द नीट ऐकूही आला नव्हता. 1961 साली 'टोकन्स'नी इंग्रजी शब्द घालून गायली, ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. 1962 साली लिंडा मूत्रपिंडाच्या आजाराने गरिबीत मेला. कबरीवर दगड नाही. 1994 साली डिस्नेच्या 'लायन किंग' सिनेमात तेच गाणं पुन्हा जगभर वाजलं. लिंडाच्या मुली मात्र सोवेटोत गरिबीतच.

मग एक जुना कायदा उपयोगी पडला. 1911 च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कॉपीराइट कायद्यात कलम होतं की लेखकाने हक्क विकले असले, तरी मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परत येतात. साहेबाचा कायदा साहेबाच्याच अंगावर टाकला. 2004 साली खटला, 2006 साली तडजोड, लिंडाच्या मुलींना पैसा. बाबासाहेबांची आपण माणसं, कायद्याचं कलम शोधून काढणं म्हणजे काय असतं हे आपल्याला कळतं.

इथपर्यंत वाचून काही दोस्त म्हणतील, उपाय सोपा आहे, कंपनी आपल्या माणसाच्या हातात पाहिजे. मीही तसंच म्हणत होतो. पण इतिहास इथं आपलीही कानउघाडणी करतो.

डेट्रॉईटमधला बेरी गॉर्डी हा काळा माणूस फोर्डच्या लिंकन-मर्क्युरी मोटार कारखान्यात पट्ट्यावर काम करायचा. 1959 साली घरच्यांच्या सामाईक फंडातून आठशे डॉलर कर्ज घेऊन त्याने कंपनी काढली, तीच पुढं मोटाउन. मोटारीचा सांगाडा एका टोकाला शिरतो आणि दुसऱ्या टोकाला चकाचक गाडी बाहेर पडते, तसं त्याने गाणं बनवायचं ठरवलं. एकाने शब्द, दुसऱ्याने चाल, तिसऱ्याने गळा, आणि दर आठवड्याला माल तपासायची बैठकसुद्धा. 'नोव्हेअर टु रन' हे 1965 चं गाणं ऐका. बर्फात मोटारीच्या चाकांना बांधतात त्या साखळ्या आपटून त्यात ठोका दिलाय. टीव्हीसाठी ते चित्रित झालं ते फोर्डच्याच कारखान्यात, गाड्या जोडणीच्या पट्ट्यावर. मार्था रीव्ह्ज आणि तिच्या मैत्रिणी गाड्यांमधून गात फिरतात आणि कामगार मान वर न करता काम करत राहतात. मी हे पाळी सुटल्यावर पाहिलं आणि अंगावर काटा आला. पळायला जागा नाही, असं गाण्याचं नावच सांगतं. ते प्रियकराबद्दल आहे म्हणे. असेल. पण साखळीचा आवाज प्रियकराचा नाही.

काळ्या माणसाची कंपनी, काळे गायक, आणि गोऱ्यांच्या यादीत घुसून पहिला नंबर. ही लढाई खरीच जिंकली. पण हजेरीपत्रक उघडा. तळघरातल्या स्टुडिओत वाजवणारे फंक ब्रदर्स, ज्यांच्या हातांवर हे सगळं उभं होतं, त्यांची नावं मोटाउनच्या अल्बमवर पहिल्यांदा छापली गेली ती 1971 साली, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. बारा वर्षं बिननावाचे. आमच्या सुताच्या पेटीवर गिरणीचा छाप असतो, कातणाऱ्याचं नाव नसतं, अगदी तसं. गायकाची कंपनी गॉर्डीची, व्यवस्थापन गॉर्डीचं, गाण्याचं प्रकाशनही गॉर्डीचं. म्हणजे आपला पगार बरोबर आहे का हे ज्याला विचारायचं तोच मालक. 1972 साली कंपनी लॉस एंजेलिसला हलली. वाजवणारे बहुतेक डेट्रॉईटलाच राहिले. गिरणी हलते तेव्हा काय होतं, हे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही.

म्हणून सांगतो : गल्ल्यावर आपला माणूस बसला की हिशेब आपोआप सरळ होत नाही. हिशेब मागावा लागतो, मग तो आपल्यातल्याकडे का असेना.

आता त्या 'प्रभाव' शब्दाचा निकाल लावू. गाणं एकमेकांकडून घेऊ नये असं मी म्हणत नाही. न घेता कुठलीच कला होत नाही. पण सांगून घेणं वेगळं आणि पुसून घेणं वेगळं. 1966 साली ऑकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि नाव कुठून आलं हे आपल्या लोकांनी लपवलं नाही, उलट छातीठोक सांगितलं. याला मी प्रभाव म्हणतो. 1965 साली रोलिंग स्टोन्सनी अमेरिकन टीव्हीवर स्वतःबरोबर हाउलिन वुल्फला आणायला लावलं आणि त्याच्या पायाशी बसून ऐकलं, तोही प्रभाव. लेड झेपलिनने 1969 साली 'होल लोटा लव्ह'मध्ये विली डिक्सनचे शब्द वापरले आणि नाव गाळलं, त्याला मी प्रभाव म्हणत नाही. डिक्सनने 1985 साली दावा लावला, 1987 साली तडजोड झाली. त्याने गप्प बसून पैसे मोजले नाहीत. इतर ब्लूजवाल्यांना आपापले हक्क कळावेत, मिळावेत म्हणून संस्था उभी केली.

आणि गंमत पाहा. 1991 साली बिझ मार्की या काळ्या रॅपरने एका गोऱ्या गायकाच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने निकालपत्राची सुरुवातच बायबलातल्या चोरीविरुद्धच्या आज्ञेने केली. सत्तर वर्षं क्रडप, बेसी यांचा घाम चालला तेव्हा ही आज्ञा कुठं गेली होती? गोऱ्याने घेतला तर प्रभाव, काळ्याने घेतला तर चोरी. आणि म्हणे संगीताला जात नसते!

शेवटचं, घरचं. आमच्या वस्तीत एक म्हातारे शाहीर आहेत. जयंतीला त्यांची गाणी दहा गल्ल्यांत वाजतात. तरुणपणी एका कॅसेटवाल्याने चार गाण्यांचे शंभर रुपये, शाल आणि नारळ दिला. कागदावर काय लिहिलं होतं ते शाहिरांनी वाचलं नाही, आणि त्यांना कुणी वाचूनही दाखवलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बाळा, समाजासाठी गायलो रं, पैशाचं काय." मी म्हणालो, "आबा, तुम्ही समाजासाठी गायलात. त्यानं समाजासाठी विकलं नाही."

म्हणून आपल्या शाखा-शाखांतल्या पोरांना माझं सांगणं आहे. जलसे भरवा, गाणी बसवा. पण शाहिराच्या सहीआधी कागद वाचा. कायदा सांगतो की हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशी पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेऊन काढून टाकता येत नाही. हे एका कागदावर लिहून वस्तीच्या वाचनालयात चिकटवा. आणि जो गायला, ज्याने ढोलकी वाजवली, ज्याने कोरस धरला, त्या सगळ्यांची नावं लिहून ठेवा.

पुढच्या रविवारी मी शाहिरांकडे वही घेऊन बसणार आहे. गाणी एकशे वीसच्या वर आहेत म्हणतात. ज्याला अक्षर चांगलं आहे त्याने यावं.

जय भीम.