तबकडीची लांबी आणि पोवाड्याची लांबी

ध्वनिमुद्रिकांची चर्चा आपल्याकडे रसिकांच्या बैठकीत होते. तीत आवाज, घराणे, चाल यांचा हिशेब असतो. एका बाजूवर किती मिनिटे मावतात आणि ती कोणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटे बसत. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची व्हायनलची लाँग-प्ले आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये अली अकबर खाँ यांची सरोद अशा तबकडीवर आली. रागाला पाय पसरायला जागा मिळाली. मिळायलाच हवी होती.

परंतु लांब श्वासाची गरज काय फक्त रागालाच होती? भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा तीन मिनिटांचा नव्हता. गाण्यातून सवाल, सवालातून संवाद, संवादातून पुन्हा गाणे, असा तो वाढत जाई. पुढे श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गीते तबकड्यांवर आली. चौदा एप्रिलला आमच्या घाटकोपरच्या वस्तीत स्पीकरवाला ती सकाळपासून लावी आणि आम्ही नाचत असू. त्या आनंदाला मी उणे म्हणणार नाही. पण ते जलशातून सुटे केलेले गाणे होते. त्याच्या मागचा सवाल गळालेला होता.

लाँग-प्ले नुसती लांब नसते, ती सलग कथा सांगू शकते. १९७४ साली, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला आलेली ‘शिवकल्याण राजा’ हे याचे मराठीतले सर्वांत समर्थ उदाहरण. हृदयनाथांच्या चाली, लताबाईंचा स्वर, बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन. संगीत म्हणून ती श्रेष्ठ आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. चालींत कुठेही सैलपणा नाही. पण तिच्यातले कवी पाहा: रामदास, भूषण, सावरकर, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांवर स्वतंत्र पोवाडा रचला. त्याला या तबकडीत जागा नाही. फुल्यांचा शिवाजी कष्टकरी कुळांचा राजा आहे. तो आत आला असता तर रामदासांशेजारी बसला नसता, वाद घातला असता. निवड कवितांची दिसते, पण ती इतिहासाची आहे. आणि ऐकणाऱ्याला ती निवड वाटतच नाही, कारण स्वर इतका निर्दोष आहे. शाहिराच्या पोवाड्यात झीलकरी मध्येच तोंड घालतो, डफ थांबतो, समोरचा माणूस हसतो किंवा संतापतो. इथे श्रोत्याने हात जोडून बसायचे असते.

घाटकोपरच्याच चिरागनगरात अण्णाभाऊ साठे वर्षानुवर्षे झोपडीत राहिले. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लोकांच्या तोंडी गेली. तिला कोणत्या कंपनीची वाट पाहावी लागली नाही, हे खरे. पण ‘लोकांच्या तोंडी आहे ना, मग पुरे’ हे समाधान आपण फार स्वस्तात घेतो. तोंडी राहिलेल्या गाण्याची चाल राहते. गाणाऱ्याचा दम, त्याचा थांबा, त्याची चीड त्याच्याबरोबर जाते.

मुलुंडच्या झोपडपट्टीतले शाहीर विलास घोगरे यांच्या बाबतीत हे थोडक्यात टळले. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. १५ जुलैला घोगरे यांनी गळफास घेतला. त्यांचे गाणे आनंद पटवर्धनांनी १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये आधीच टिपले होते, म्हणून ते आज ऐकता येते. आणि तिथे नुसता आवाज नाही, गाणारा माणूसही दिसतो.