श्रम, व्यायाम आणि आरोग्य : शारीरिक क्रियाशीलतेच्या संशोधनातील मोजपट्ट्यांची संग्रामपूर तालुक्याच्या संदर्भात चिकित्सा

प्रास्ताविक

शारीरिक शिक्षण हा विषय विद्यापीठीय पातळीवर स्थिरावल्यापासून महाराष्ट्रात त्या विषयातील संशोधन विपुल प्रमाणात झाले आहे. विदर्भापुरता विचार केल्यास या विषयाला अखाड्यातून अभ्यासक्रमापर्यंत आणण्याचे श्रेय प्रामुख्याने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे जाते. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. अशी परंपरा पाठीशी असलेल्या प्रदेशातील संशोधनाकडून सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नाला काही विशेष हातभार लागावा, अशी अपेक्षा गैर ठरू नये. प्रत्यक्षात 'आरोग्य' हा शब्द बहुतेक प्रबंधांच्या शीर्षकात व समारोपात आढळतो. मधल्या प्रकरणांत, म्हणजे जेथे मोजमाप होते तेथे, तो आढळत नाही.

या विसंगतीचे मूळ संशोधकांच्या आळसात नसून त्यांच्या हाती आलेल्या मोजपट्ट्यांत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याचा संदर्भ घेतला आहे. उत्तरेस सातपुड्याचा पायथा, अंबाबरवा अभयारण्य व कोरकू, भिलाला, निहाल या समाजांची वस्ती; दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा; आणि या दोहोंच्या मध्ये कापूस, सोयाबीन, तूर पिकविणारी काळी जमीन, अशी या तालुक्याची रचना आहे. येथे अंगमेहनत भरपूर आहे. तिला कोणते नाव द्यावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

संकल्पना आणि तिचा उगम

शारीरिक क्रियाशीलता, व्यायाम आणि शारीरिक क्षमता या तीन संकल्पनांतील भेद कॅस्परसन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये स्पष्ट केला. स्नायूंच्या योगे होणारी व ऊर्जा खर्च करणारी कोणतीही हालचाल ही क्रियाशीलता. नियोजित, पुनरावृत्त व क्षमतावृद्धीच्या हेतूने केलेली हालचाल हा व्यायाम. आणि क्षमता म्हणजे व्यक्तीच्या ठायी असलेले गुण. हा भेद आपल्याकडील बहुतेक प्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात उद्धृत होतो व तिसऱ्या प्रकरणापासून विसरला जातो.

या विद्याशाखेचा पाया घालणारा जेरी मॉरिस यांचा १९५३ चा अभ्यास लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक व वाहकांचा होता. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. पुढे राल्फ पॅफेनबर्गर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांवर अभ्यास केला. म्हणजे या शास्त्राचा आरंभ व्यायामशाळेत झाला नाही, कामगारांमध्ये झाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मॉरिस यांनी १९५६ मध्ये स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली. नोकरीत लागताना दिलेल्या गणवेशांची मापे तपासली असता चालक हे आरंभापासूनच वाहकांपेक्षा स्थूल असल्याचे दिसून आले. नमुना अगोदरच निवडला गेलेला असू शकतो, हा धडा यातून मिळतो.

आपल्याकडील 'ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांच्या शारीरिक क्षमतेचा तुलनात्मक अभ्यास' या परिचित साच्याच्या संशोधनास हाच धडा लागू पडतो. महाविद्यालयातून पन्नास ग्रामीण व पन्नास शहरी किंवा आदिवासी व बिगर आदिवासी विद्यार्थी निवडले जातात, त्यांची कसोटी घेतली जाते, 'टी' मूल्य काढले जाते व ०.०५ स्तरावर फरक सार्थ असल्याचे नोंदविले जाते. ग्रामीण विद्यार्थी सरस ठरल्यास त्याचे कारण 'श्रमाची सवय' असे दिले जाते. परंतु सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्तीतून अकरावीपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी हा त्या वस्तीचा सर्वसाधारण प्रतिनिधी नव्हे. जो मध्येच शाळा सोडून वेचणीला गेला किंवा आईवडिलांबरोबर स्थलांतरित झाला, तो या सारणीत नाही. कसोटी कोणती, हेही पाहण्यासारखे आहे. दीर्घकाळ वापरात असलेली 'आफर' युवक क्षमता कसोटी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन शाळकरी मुलांसाठी तयार झाली. तिच्या मूळ स्वरूपात सॉफ्टबॉल फेकही होती. रक्तातील हिमोग्लोबिन मात्र अशा अभ्यासात क्वचितच तपासले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. ज्या राज्यात ही स्थिती आहे, तेथे सहाशे यार्ड धावण्याच्या वेळेत मुलींमध्ये पडलेला फरक 'सवयी'चा की रक्तक्षयाचा, हे सांगण्याचे साधनच संशोधकाकडे राहत नाही.

प्रश्नावली आणि कापसाची वेचणी

सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने वापरले जाणारे प्रमुख साधन म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची जागतिक शारीरिक क्रियाशीलता प्रश्नावली. काम, प्रवास व फावला वेळ अशा तीन सदरांत ती माहिती गोळा करते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक सर्वेक्षणात (इंडियाब) हीच प्रश्नावली वापरली गेली. महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील १४,२२७ व्यक्तींच्या माहितीवर आधारित २०१४ च्या अहवालात ५४.४ टक्के व्यक्ती निष्क्रिय आढळल्या. ग्रामीण भागात हे प्रमाण ५० टक्के व शहरी भागात ६५ टक्के होते. महाराष्ट्रातील ९१.३ टक्के व्यक्तींनी फावल्या वेळेतील कोणतीही शारीरिक क्रिया नोंदविली नाही.

हे आकडे चुकीचे आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि ते कसे तयार होतात हे पाहणे आवश्यक आहे. प्रश्नावलीच्या रूढ आवृत्तीत, श्वासोच्छ्वास वा हृदयाचे ठोके वाढविणारे काम सलग किमान दहा मिनिटे करता काय, असे विचारले जाते. कापूस वेचणारी स्त्री कमरेला ओटी बांधून सकाळपासून वाकून ओळीने पुढे सरकत असते. तिचा श्वास वाढतो काय? ती बहुधा 'नाही' म्हणेल. दुखते ती कंबर. तिचे काम मध्यम तीव्रतेचे धरले, तर दिवसाला आठ तास व आठवड्याला सहा दिवस या हिशेबाने, मध्यम कामाचा चार हा गुणांक लावून, आठवड्याचे ११,५२० गुण होतात. किमान आवश्यकता ६०० गुणांची असल्याने ती निकषाच्या एकोणीस पटींहून पुढे जाते. 'नाही' हे उत्तर जसेच्या तसे लिहिले, तर त्याच वेचणीचे गुण शून्य. एकाच स्त्रीचे दोन निकाल, आणि दोन्ही नियमानुसार!

घरकामाची गोष्ट याहून बिकट आहे. प्रश्नावलीच्या सूचनांनुसार घरकामाचा समावेश 'काम' या सदरात होतो. परंतु 'काय काम करता?' या प्रश्नाला 'काही नाही, घरीच असते' असे उत्तर देणाऱ्या स्त्रीला पुढचा प्रश्न विचारण्याचे भान प्रश्नकर्त्याला हवे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. दुसरीकडे २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रिया व ४२ टक्के पुरुष अपुरे क्रियाशील होते. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून विचार करणारा संशोधक शारीरिक शिक्षणात अधिक यावयास हवा होता.

ऋतूचा विचारही या साधनांत नाही. मागील सात दिवसांबद्दल विचारणारी आंतरराष्ट्रीय प्रश्नावली निंदणाच्या दिवसांत एक उत्तर देईल, सोयाबीनच्या सोंगणीत दुसरे व वैशाखात तिसरेच. शिवाय काही हालचाली कोणत्याच सदरात नीट बसत नाहीत. शेगावला पायी जाणाऱ्याचा तो प्रवास की फावला वेळ? आणि पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारे तरुण? पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. प्रश्नावली हे धावणे फावल्या वेळेत टाकेल. वास्तविक ती नोकरीची तयारी असते, आणि वयोमर्यादा उलटली की धावणेही थांबते. ग्रामीण विदर्भातील व्यायामाचा हा बहुधा सर्वांत जिवंत प्रकार असूनही प्रबंधांचे लक्ष त्याकडे फारसे गेलेले नाही.

शाळेचे मैदान

शालेय शारीरिक शिक्षणाविषयी स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखालील मुंबई सरकारच्या १९३७ च्या समितीपासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० पर्यंत शिफारशींची उणीव नाही. मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे क्रियाशीलता हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत मैदानाची तरतूद आहे. मात्र आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीच्या वर्गांची पटसंख्या शंभरावर असल्यासच अभिप्रेत आहे. लहान गावातील जिल्हा परिषद शाळा या अटीतूनच बाहेर पडते. शिक्षक कोणत्या पद्धतीने शिकवितो याचे संशोधन करण्यापूर्वी शिक्षक आहे काय, हे नोंदविणे म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही.

खारे पाणी, ऊन आणि मूत्रपिंड

सर्वांत गंभीर उणीव येथे आहे. खारपाण पट्ट्यातील भूजलात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण अधिक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण विद्राव्य घटक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह व पर्याय नसल्यास २००० पर्यंत अनुज्ञेय आहेत. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतील मूत्रपिंडविकाराच्या तक्रारी अनेक वर्षे वृत्तपत्रांतून मांडल्या गेल्या आहेत. लोकांचा रोख खाऱ्या पाण्यावर आहे. वान धरणाच्या पाण्याची मागणी त्यातूनच वाढली. पाणी हेच एकमेव कारण आहे असे मात्र गृहीत धरता येत नाही, आणि येथेच शारीरिक क्रियाशीलतेच्या अभ्यासकाचा संबंध येतो.

मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर व निकाराग्वा येथील ऊसतोड कामगारांत मधुमेह वा रक्तदाबाने स्पष्ट न होणारा मूत्रपिंडविकार मोठ्या प्रमाणावर आढळला. श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत व आंध्र प्रदेशातील उद्दानम येथेही अशाच प्रकारचा विकार नोंदला गेला. मध्य अमेरिकेतील संशोधकांनी कामापूर्वी व कामानंतर कामगारांच्या रक्तातील क्रिएटिनिन मोजले, तेव्हा एका पाळीतही ते वाढत असल्याचे आढळले. उन्हातील जड श्रम व त्यातून होणारे निर्जलीकरण हे तेथील प्रमुख गृहीतक आहे. त्यावर योजलेला उपाय पाणी, विश्रांती व सावली असा होता.

श्रम हे सर्वत्र हितकारक असतात या समजुतीला दुसऱ्या दिशेनेही तडा गेला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात कामाच्या ठिकाणी अधिक शारीरिक श्रम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका कमी श्रम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक आढळला. फावल्या वेळेतील व्यायामाचा परिणाम बहुतेक अभ्यासांत याच्या उलट दिसतो. गरिबी, धूम्रपान यांसारख्या घटकांचा प्रभाव पूर्णपणे वगळता येतो काय, याविषयी मतभेद आहेत. परंतु वेचणीच्या ११,५२० गुणांना सरसकट 'आरोग्यदायी' ठरविणे यापुढे शक्य नाही.

संग्रामपूर तालुक्यासाठी प्रश्नावली तयार करावयाची झाल्यास तिच्यात काही साधे प्रश्न वाढवावे लागतील : शेतात जाताना पाणी कोठून भरून नेले, किती नेले, दुपारी सावलीत किती वेळ बसता आले, मजुरी रोजाने होती की किलोवर. किलोवर वेचणी असेल तर विश्रांतीची किंमत मजूर स्त्री स्वतः मोजते. या उत्तरांसोबत सोंगणीच्या दिवशी सकाळी व संध्याकाळी घेतलेले वजन आणि शक्य तेथे क्रिएटिनिनची तपासणी जोडावी लागेल. यातील वजनकाटा व प्रश्नावली शारीरिक शिक्षणाच्या कोणत्याही पदव्युत्तर विभागाच्या आवाक्यात आहे. रक्ततपासणीसाठी मात्र वैद्यकीय अधिकाऱ्याला सहसंशोधक म्हणून बरोबर घ्यावे लागेल.