रोपवनांच्या वेढ्यातील रान : वऱ्हाडी माळराने आणि ‘अवनत वन’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील विरळ वृक्षांच्या गवताळ रानांकडे वनशास्त्राने आणि शासकीय दप्तराने ज्या दृष्टीने पाहिले, त्या दृष्टीची चिकित्सा करावयाची आहे. निमित्त दोन आहेत. पहिले, महाराष्ट्रातील माळरानांच्या प्राचीनतेविषयी २०२५ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन. दुसरे, आपल्या महाविद्यालयीन नियतकालिकांतून सातत्याने प्रसिद्ध होणाऱ्या वनस्पतीसूची. दोहोंचा संबंध वरवर दिसत नाही, परंतु तो आहे.

इंग्रजीत ज्यास सॅव्हाना म्हणतात त्यास मराठीत एकच एक नाव नाही. माळ, रान, रमणा, बन, गायरान अशी अनेक नावे आहेत आणि ती सर्व उपयोगावरून पडलेली आहेत. वऱ्हाडच्या महसुली बोलीत चराईच्या सरकारी जमिनीस ‘ई-क्लास’ म्हणतात. भातकुली तालुक्यातील कोणत्याही खेड्यात हा शब्द परका वाटत नाही. मात्र वनशास्त्राच्या परिभाषेत या रानास स्वतःचे असे स्थान मिळाले नाही. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेले भारतीय वनप्रकारांचे वर्गीकरण आजही वनखात्याच्या कार्य आयोजनांचा आधार आहे. त्यात शुष्क पानगळीच्या वनाखाली झुडपी रान आणि कोरडा गवताळ माळ यांची नोंद ‘अवनतीचे टप्पे’ म्हणून होते. म्हणजे जेथे दाट वन नाही, तेथे ते पूर्वी होते आणि कुऱ्हाड, वणवा व गुरे यांनी ते नाहीसे केले, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक एकदा स्वीकारले, की उपाय आपोआप ठरतो : खड्डे खणा, रोपे लावा, कुंपण घाला.

याच वर्गीकरणात एक अंतर्विरोध आहे व त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. क्षारयुक्त जमिनीवरील झुडपी सॅव्हाना हा प्रकार तेथे अवनती म्हणून नव्हे, तर मातीच्या गुणधर्मामुळे घडलेला प्रकार म्हणून नोंदला आहे. भातकुली हा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा भाग. खोल काळी माती, तिच्या खालच्या थरांत सोडियमचे आधिक्य, निचरा मंद आणि विहिरीचे पाणी मचूळ. अशा भूमीवर सागाचे दाट वन कधीकाळी उभे होते असे मानण्यास मृदाशास्त्रीय आधार कोणता? येथे बाभूळ, हिवर, बोर, हिंगण, पळस हीच झाडे, आणि त्यांच्या पायाशी मारवेलासारखी गवते, हीच मुळात या जमिनीची वनस्पती असण्याचा संभव अधिक आहे. आज हा समूह सलग रूपात क्वचितच दिसतो. तो धुऱ्यांवर, पांदणीच्या कडेला, नाल्याकाठी व उरल्यासुरल्या ई-क्लासवर तुकड्यातुकड्यांनी राहिला आहे.

आता उपरोक्त संशोधनाकडे वळू. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात पश्चिम महाराष्ट्रातील माळरानांचा इतिहास पारंपरिक मराठी साहित्याच्या आधारे मांडला आहे. संतचरित्रे, आख्यायिका, लोकगीते यांतून त्यांनी ४४ रानवनस्पतींचे उल्लेख शोधले. त्यांपैकी २७ वनस्पती मोकळ्या माळरानाच्या खुणा मानाव्यात अशा निघाल्या. दाट वनाच्या केवळ तीन. हा प्रदेश किमान साडेसातशे वर्षे सॅव्हानाच होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या कामाचे स्वागतच करावे, कारण जुन्या ग्रंथांतील बाभळीला येथे प्रथमच पुराव्याचा मान मिळाला आहे.

तथापि काही प्रश्न उपस्थित करणे भाग आहे. चरित्रग्रंथ ही वनस्पतींची पाहणी नव्हे. महापुरुष ज्या झाडाखाली बसले ते झाड ग्रंथात येते. ज्याखाली कोणी बसले नाही ते येत नाही. सावलीचा वड, पिंपळ, चिंच यांना देवळाजवळ आणि ग्रंथात सहज जागा मिळते, काटेरी हिवराला मिळत नाही. हा आक्षेप संशोधनाच्या विरोधात जाईल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु बारकाईने पाहता त्याचा कल उलट आहे : जे साहित्य सावलीकडे झुकलेले आहे, त्यातही माळाची काटेरी झाडे मोठ्या संख्येने येत असतील, तर साक्ष दुबळी न होता बळकट होते. खरी अडचण दुसरीकडे आहे. उल्लेखावरून झाडाचे अस्तित्व कळते, त्यांची विरलता कळत नाही, आणि सॅव्हाना ठरते ती विरलतेवरून. शिवाय पश्चिम महाराष्ट्राचा निष्कर्ष जसाच्या तसा वऱ्हाडात आणून बसविणे अशास्त्रीय होईल.

वऱ्हाडास त्याची गरजही नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केला तो रिद्धपूर येथे, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातच. गोविंदप्रभूंचे चरित्र त्याच गावाभोवती फिरते आणि ‘स्थानपोथी’ तर स्थळांच्या खाणाखुणा नोंदविण्यासाठीच रचली गेली. महानुभाव वाङ्मयाचा भाषिक, तात्त्विक व सामाजिक अंगाने विपुल अभ्यास झाला. त्यातील झाडांची, गवताची, गुराख्यांच्या वाटांची पद्धतशीर नोंद मराठीच्या व वनस्पतीशास्त्राच्या विभागांनी एकत्र बसून करावयास हवी. बहुविद्याशाखीय या शब्दाचा एवढा थेट उपयोग दुसरा सुचत नाही.

येथे वाचकाच्या मनात एक शंका येईल : बाभूळबने तरी नैसर्गिक कोठे आहेत? शंका रास्त आहे. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडच्या वनांची विभागणी लाकूडफाटा, गवताचे रमणे आणि चराई अशा उपयोगांनुसार झाली होती. काळ्या मातीतील बाभूळबने ही सरपणासाठी राखली व वाढविली जात. बाभळीच्या शेंगा शेळ्यामेंढ्या खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेले बी चांगले रुजते. म्हणजे या बनाच्या घडणीत गुराख्याचा हात आहेच. परंतु त्यामुळे ते कृत्रिम ठरत नाही. बाभळीची सावली पातळ असते, तिच्याखाली गवत वाढते. मनुष्याने लावले की आपसूक उगवले यापेक्षा, झाडाखालचे गवत जगते की मरते हा प्रश्न अधिक निर्णायक मानला पाहिजे.

या कसोटीवर रोपवने उतरत नाहीत. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वन विकास महामंडळाने विदर्भात मिश्र वने ‘कमी मूल्याची’ ठरवून त्यांच्या जागी सागाची रोपवने उभारली. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाने सुबाभूळ व निलगिरी गावोगाव पोहोचविली. उंदीरमारी अर्थात ग्लिरिसिडिया मध्य अमेरिकेतून आलेली. अमरावतीच्या पूर्वेस पोहऱ्याच्या टेकड्यांवर तिची दाटी कोणासही दिसेल. पुढे २०१६ ते २०१९ या काळात राज्याने ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम हाती घेतली. त्यातील अखेरच्या वर्षाचे लक्ष्यच ३३ कोटींचे होते. एवढी रोपे लावण्यास जमीन लागते आणि ती शोधताना नजर प्रथम पडते ती ‘रिकाम्या’ माळावर. साग विदर्भाचाच आहे हे खरे, पण डोंगराचा साग माळावर ओळीने लावला की तोही माळापुरता परकाच होतो.

वेढ्यात सापडलेल्या रानाचे काय होते? झाडे लगेच मरत नाहीत, आणि नेमके हेच फसवे आहे. समतल चर खणताना गवताची बहुवर्षायू ठोंबे उखडली जातात. कुंपण व आगप्रतिबंध यांमुळे चराई आणि हलका वणवा थांबतो. कुसळी, पवन्या, शेडा ही गवते उन्हाची भुकेली. सावली वाढताच ती मागे हटतात. त्यांच्या जागी घाणेरी व सावली सोसणारी झुडपे शिरतात. हिवर-खैरांची जुनी झाडे उभी असतात, पण त्यांची रोपे उघड्या उन्हाशिवाय जोमाने वाढत नाहीत. अशा तुकड्यात जाऊन काष्ठमय वनस्पतींची यादी केली, तर ती पूर्वीपेक्षा लांबच निघेल. यादी लांबली म्हणून जैवविविधता वाढली, असा निष्कर्ष काढणारे लेख आपल्याकडे थोडे नाहीत. प्रस्तुत लेखकाचा मुख्य आक्षेप यासच आहे. प्रजातींची संख्या मोजणारी सूची कोणती प्रजाती कोणत्या परिसराची, हे सांगत नाही. आणि गवतास यादीबाहेर ठेवणारी सूची तर सॅव्हानाचा अर्धा भागच पाहत नाही.

अन्य देशांत याचा विचार झाला आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात इमारती लाकडाच्या रोपवनांनी वेढलेले गवताळ पट्टे परस्परांशी जोडलेले ठेवण्यात आले. या व्यवस्थेत मळ्यांच्या साधारण एक-तृतीयांश जमिनीवर लागवड होत नाही आणि मोकळ्या पट्ट्यांत चराई व नियंत्रित वणवा चालू असतो. ही व्यवस्था निर्दोष नाही. तेथेही पट्टा अरुंद झाला की रोपवनाची छाया त्यास गिळते. तरी रोपवनाच्या आराखड्यात माळास हक्काची जागा असू शकते, एवढे तिच्यावरून कळते.

आपल्याकडे असे प्रयत्न लोकांकडून अधिक झाले. अकोला-वाशिम भागात फासेपारधी समाजाने तणमोराच्या अधिवासासाठी गवताळ रान राखले आहे. ज्या समाजास शिकारी म्हणून वनाबाहेर काढले, त्यासच माळाचे मोल कळावे, यात योगायोग नाही. तणमोर कोणत्या गवतात अंडी घालतो हे ठाऊक असणे ही त्याच्या पोटापाण्याची विद्या होती. कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट राखले गेले तेही मोकळ्या माळामुळेच.

भातकुलीच्या ई-क्लासवर मात्र असा कोणी राखणदार सहसा नसतो. तेथे लागवडीचा प्रस्ताव येतो तेव्हा ग्रामसभेपुढील कागदावर जमिनीचे वर्णन ‘पडीक’ असे लिहिलेले असते. त्या शब्दाच्या जागी, किमान त्या शब्दाच्या शेजारी, तेथे उभ्या असलेल्या हिवर-बोरींची व त्यांखालच्या गवतांची नावे लिहिली जावीत, आणि ती लिहून देण्याचे काम तालुक्यातील महाविद्यालयाच्या वनस्पतीशास्त्र विभागाने पावसाळ्याच्या अखेरीस, गवत फुलोऱ्यात असताना करावे. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत गवत ओळखू येत नाही, आणि आपल्या बहुतेक पाहण्या परीक्षा आटोपल्यावर उन्हाळ्यातच होतात.