सम्राज्ञीच्या चित्राला कंट्रोल लावून बघा

दोन चित्रं मोबाईलवर शोधा आणि शेजारी शेजारी ठेवा. पहिलं दमित्री लेवित्स्कीचं, १७८३ सालचं. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी न्यायदेवतेच्या मंदिरात उभी आहे. दुसरं व्लादिमीर बोरोविकोव्स्कीचं, १७९४ सालचं. तीच कॅथरीन, आता पासष्टीच्या घरातली, त्सार्स्कोये सेलोच्या बागेत साधा निळसर झगा घालून कुत्र्याला घेऊन फिरायला निघालीय. आता पटकन सांगा, खरी कॅथरीन कुठल्या चित्रात आहे?

मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. काही वर्षांपूर्वी मीही ठेवलं असतं.

मी सायन्सवाली, चित्रकलेतलं माझं शिक्षण शून्य. पण पहिल्या प्रोग्रेस सेमिनारला मी मायक्रोस्कोपखालचा एक देखणा फोटो लावला होता आणि खाली लिहिलं होतं, 'प्रातिनिधिक'. मागच्या रांगेतून प्रश्न आला, "अशा किती पेशी बघितल्यास?" चाळीस. "आणि अशा दिसणाऱ्या किती होत्या?" सात. पुढची दोन मिनिटं मी अजून विसरायचा प्रयत्न करतेय. तेव्हापासून देखणं चित्र समोर आलं की मी आधी कंट्रोल शोधते. सम्राज्ञीच्या चित्रांनाही तो लावता येतो, हे मला जरा उशिराच कळलं.

लेवित्स्कीचं चित्र घ्या. कॅथरीनच्या डोक्यावर राजमुकुटाऐवजी लॉरेलच्या पानांचा मुकुट, पायाशी कायद्याची पुस्तकं आणि गरुड, मागे खांबांमधून दिसणारा समुद्र आणि जहाजं. समोरच्या वेदीवर ती अफूची फुलं जाळतेय. अफू म्हणजे झोप, म्हणजे प्रजेसाठी ती स्वतःची झोप होमात टाकतेय. हे सगळं बघणाऱ्याला आपोआप कळणार नाही म्हणून लेवित्स्कीने त्याच वर्षी एका नियतकालिकात चित्राचा खुलासा छापला. आपल्या भाषेत फिगर लेजंड! चेहरा मात्र बघा. नितळ, मंद हसरा आणि पूर्ण रिकामा. हा चेहरा कुणाचाच नाही.

इथे घाईने निष्कर्ष काढाल की लेवित्स्कीला चेहरे जमत नव्हते किंवा त्या काळची पद्धतच तशी ठोकळेबाज होती. म्हणून कंट्रोल हवा: तोच चित्रकार, तोच काळ, तोच दरबार, फक्त समोरची व्यक्ती वेगळी. तो आहे. स्मोल्नी संस्थेतल्या मुलींची सात चित्रं लेवित्स्कीने १७७०च्या दशकात काढली, तीही कॅथरीनच्याच सांगण्यावरून. त्यातल्या एका चित्रात दोन मुली नाटकातला प्रवेश करतायत. मुलाचं सोंग घेतलेली कमरेवर हात ठेवून मैत्रिणीच्या हनुवटीला हात लावतेय आणि मिस्कील हसतेय. मैत्रीण अवघडलीय. अडीचशे वर्षांनंतरही त्या पोरींची ओळख पटते. म्हणजे हात सराईत होता. चेहरा रिकामा झाला तो गिऱ्हाईक सम्राज्ञी होती म्हणून.

आणि या गिऱ्हाइकाला काय हवं होतं याचा पुरावाही आहे. अलेक्झांडर रोस्लिन हा स्वीडिश चित्रकार १७७०च्या दशकात पीटर्सबर्गला आला आणि त्याने कॅथरीन जशी दिसली तशी रंगवली: भरदार, वय झालेली, दुहेरी हनुवटीची. रेशीम आणि हिरे रंगवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण त्या चेहऱ्यावर कॅथरीन भडकली. याने मला एखाद्या स्वीडिश स्वयंपाकिणीसारखं केलंय, अशी तिची तक्रार होती. मग फ्योदोर रोकोतोव्हने रोस्लिनचीच मांडणी घेतली, तोच पोशाख, तीच उभं राहण्याची ऐट, आणि वर जरा तरुण, जरा सौम्य चेहरा बसवला. अशा नकला पुढे पसरल्या. रिव्ह्यूअरला नको असलेला एक पॅनेल बदलून बाकी फिगर तशीच ठेवावी, तसं.

तिची धडपड निव्वळ हौसेची म्हणून सोडून देऊ नका. ती जर्मन राजकन्या. १७६२ मध्ये नवऱ्याला, म्हणजे झार पीटर तिसऱ्याला, गादीवरून काढून ती बसली. काही दिवसांतच तो कैदेत मेला. मुलगा पावेल सात वर्षांचा होता, आणि गादीवर त्याचा हक्क आहे म्हणणारे दरबारात होते. रक्ताच्या नात्याने सिंहासन मिळत नव्हतं, ते रंगाने सिद्ध करावं लागणार होतं. व्हिगिलियस एरिक्सन या डॅनिश चित्रकाराने तिला बंडाच्या दिवशीच्या लष्करी गणवेशात, पुरुषासारखी घोड्यावर मांड टाकून, हातात उपसलेली तलवार घेतलेली दाखवलं. मला मात्र त्याचंच आरशासमोरचं चित्र जास्त आवडतं. आपल्याकडे बघणारी कॅथरीन हातात पंखा घेऊन गोड हसतेय आणि आरशात तिचाच एका बाजूचा चेहरा दिसतो: थंड, नाण्यावर ठोकतात तसा. ही बाई एक नाही, हे या सगळ्या दरबारी चित्रांत एवढं एकच चित्र कबूल करतं.

"मग तिच्या शत्रूंनी काढलेली चित्रं खरी का?" हा प्रश्न मला ज्युनियरने विचारला होता. १७९१ च्या एका इंग्रजी व्यंगचित्रात कॅथरीन एक पाय रशियात आणि दुसरा कॉन्स्टँटिनोपलवर ठेवून उभी आहे आणि खाली युरोपातले राजे मान वर करून तिच्या झग्यात बघतायत. चावट आहे, धमालही आहे. पण त्याच वर्षी ओचाकोव्हच्या किल्ल्यावरून ब्रिटन रशियाशी युद्धाच्या तयारीत होतं. त्याही चित्राला फंडिंग होतं, फक्त एजन्सी वेगळी. दोन बाजूंचा बायस एकमेकांत वजा करून मधे सत्य उरतं, असं होत नाही.

आणि कुणीच न काढलेली चित्रं? लेवित्स्कीची कायदेदार देवी १७८३ ची. त्याच वर्षी कॅथरीनच्या हुकुमाने युक्रेनमधले शेतकरी जमिनीला बांधले गेले. वेदीवर अफू जळतेय त्या चित्रात हे कुठे येणार!

आता परत त्या बागेत जाऊ. बोरोविकोव्स्कीचं चित्र मला खरोखर सुंदर वाटतं. हातात काठी, थोडं वाकलेलं शरीर, सकाळचा मऊ उजेड. पण कॅथरीन त्याच्यासमोर उभी राहिलीच नाही असं सांगतात. तिची दासी पेरेकुसिखिना तो झगा घालून उभी राहिली. आणि तळ्यात जो खांब सहज दिसतो, तो चेस्मेच्या विजयाचा स्मारकस्तंभ आहे. १७७० मध्ये रशियन आरमाराने तुर्की आरमार जाळलं, त्याचा. साध्या झग्यातली आजी फिरता फिरता हात करून आपल्याला तेच दाखवतेय. देवळातल्या चित्राने निदान आपण देखावा आहोत हे लपवलं नव्हतं.

पुढची गंमत सायटेशनची. या चित्राची नंतर दुसरी आवृत्ती झाली, त्यात चेस्मेच्या खांबाऐवजी सेनापती रुम्यान्त्सेव्हच्या विजयाचं स्मारक आलं. १८२७ मध्ये निकोलाय उत्किनने त्यावरून छाप काढला आणि तो घरोघरी पोचला. १८३६ मध्ये पुश्किनची 'कॅप्टनची मुलगी' ही कादंबरी आली, पुगाचोव्हच्या बंडाच्या काळातली. तिच्यात माशा पहाटे बागेत जाते आणि रुम्यान्त्सेव्हच्या स्मारकाजवळ तिला कुत्र्यासोबत बसलेली एक प्रेमळ बाई भेटते. ती सम्राज्ञी आहे हे माशाला नंतर कळतं. पुश्किनने बाईचं वय चाळीसच्या आसपास सांगितलंय, कारण बंड १७७०च्या दशकातलं. बाग, कुत्रा, स्मारक मात्र त्या म्हाताऱ्या कॅथरीनच्या चित्रातून आलंय, जिच्या झग्यात उभी होती पेरेकुसिखिना.