रकान्यात जमीनदार नाही, गावात सावकार आहे

मंडळी, आज एका गाजलेल्या शोधनिबंधाबद्दल बोलू. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांचा, २००५ सालचा. त्यांचा प्रश्न साधा आहे. इंग्रजांनी शेतसारा जमीनदारामार्फत घेतला की थेट रयतेकडून, याचा परिणाम स्वातंत्र्यानंतरच्या शेतीवर दिसतो का? त्यांचं उत्तर: दिसतो. जिथे जमीनदार होता तिथे शेतीतली गुंतवणूक कमी, उत्पादन कमी, शिक्षण-आरोग्यावरचा खर्चही कमी.

आता कुणीही म्हणेल, मातीच वेगळी असेल. निबंधाची खरी ताकद इथेच आहे. साधारण १८२० ते १८५६ दरम्यान जे प्रदेश इंग्रजांच्या हाती आले, तिथे बहुतेक ठिकाणी जमीनदार टाळले गेले, कारण अधिकाऱ्यांचं मतच तोवर बदललं होतं. म्हणजे व्यवस्था बऱ्याच अंशी ठरली ती प्रदेश कधी जिंकला यावरून. ही युक्ती दाद देण्यासारखी आहे.

माझा आक्षेप आहे तो 'जमीनदार नसलेले जिल्हे' या रकान्याला. दख्खनमध्ये रयतवारी होती. कागदावर जमीन कुणब्याची. पण ती गहाण पडू लागली आणि कोर्टाचे हुकूमनामे सावकाराच्या हाती जाऊ लागले. मे १८७५ मध्ये सुप्याला कर्जखतं जाळली गेली, ती याच रयतवारीत. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

विदर्भात तर गोष्ट आणखी बोलकी आहे. वऱ्हाडात रयतवारी, आणि वर्धा नदीच्या पलीकडे मालगुजारी, म्हणजे मध्ये मालगुजार. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचं पॅकेज मिळालं, त्यांतले पाच वऱ्हाडातले आणि सहावा नदीपलीकडचा वर्धा. कोरडवाहू कापूस आणि कर्ज दोन्ही काठांवर सारखंच. उलट भंडारा-गोंदियाकडे धानाला पाणी देणारे जुने तलाव लोक आजही 'मामा तलाव' म्हणून ओळखतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी! मालगुजारी १९५१ मध्ये गेली. मग तलावाचा गाळ कुणी काढायचा, हा प्रश्न मागे उरला.

एकदोन जिल्ह्यांनी सरासरी खोटी ठरत नाही, हे मान्य. पण इव्हर्सन, पामर-जोन्स आणि सेन यांनी २०१३ मध्ये नेमकी याच मध्य प्रांताची वर्गवारी दुरुस्त करून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा मूळ निष्कर्षाला आधार मिळाला नाही. एक रकाना बदलला की इतिहासाचा निकाल बदलतो, हे लक्षात ठेवा.

हा फक्त अभ्यासकांचा वाद नाही. 'सातबारा नावावर झाला की शेतकरी सुटला' असं धोरण अशा रकान्यांतूनच तयार होतं. मालकी कुणाची, हा पहिला प्रश्न. पण कर्ज कोण देतं, पाणी कुणाच्या हातात आहे, आणि कोर्टात कोण जिंकतं, हे विचारल्याशिवाय त्या मालकीची किंमत कळत नाही.