कलावंताची उचल

कलेस आश्रय लागतो, ही गोष्ट जुनी आहे. आश्रयदाता कोण, हा प्रश्न मात्र प्रत्येक काळांत नव्यानें उपस्थित होतो. कधीं तो राजा होता, कधीं देवस्थान, कधीं सावकार, तर कधीं सरकारी खातें. अलीकडे हा मान साध्या गृहस्थाकडे आला आहे. चित्रपट काढूं पाहणारा तरुण, आपल्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका करूं इच्छिणारी गायिका, पदरचें भांडवल नसलेला ग्रंथकार, हे सर्व आपला संकल्प लोकांपुढें मांडतात आणि शंभर, पांचशें, हजार अशी यथाशक्ति वर्गणी मागतात. या प्रकारास क्राउडफंडिंग असें भारदस्त नांव पडलें आहे. आपल्या भाषेंतील लोकवर्गणी हा शब्द त्याला पुरेसा आहे. या नव्या वर्गणींत एक अंग मात्र असें आहे कीं, तें गांवच्या जत्रेच्या वर्गणींत कधीं नव्हतें. तें म्हणजे परतभेटीचें वचन. इतके रुपये द्याल तर पुस्तकाची प्रत, त्याहून अधिक द्याल तर कलावंताच्या सहीची प्रत, आणखी सढळ हातानें द्याल तर चित्रपटाच्या नामावळींत तुमचें नांव. या वचनाचें पुढें काय होतें, आणि काय व्हावें, याचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

हा प्रकार मुळांत नवा नाहीं. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस अठराव्या शतकांतील दोन उदाहरणें परिचित असतील. अलेक्झांडर पोप यानें होमरच्या ‘इलियड’चें भाषांतर आगाऊ वर्गणीदार मिळवून सहा भागांत काढण्याचें ठरविलें. दर भागास एक गिनी, असा दर होता. १७१५ ते १७२० या काळांत साही भाग वर्गणीदारांच्या हातीं पडले, आणि कोणा सरदाराची पायरी न झिजवितां स्वतंत्र वृत्तीनें जगण्याइतकें द्रव्य त्या कवीस मिळालें. दुसरें उदाहरण डॉ. सॅम्युअल जॉन्सन याचें. १७५६ सालीं त्यानें शेक्सपिअरच्या नाटकांची नवी आवृत्ति जाहीर केली, वर्गणी घेतली, आणि १७५७ च्या नाताळापर्यंत ग्रंथ देण्याचें कबूल केलें. ग्रंथ निघाला तो १७६५ च्या ऑक्टोबरांत! मधल्या काळांत चार्ल्स चर्चिल नांवाच्या कवीनें, पैसे तर घेतले, पण पुस्तक कोठें आहे, अशा अर्थाची जाहीर टोचणी त्याला दिली. वर्गणीदारांची यादी ग्रंथांत कां नाहीं असें विचारतां, नांवें हरवलीं आणि पैसे खर्च झाले, अशीं दोन कारणें त्यानें सांगितल्याचें त्याच्या चरित्रांत नमूद आहे.

आतां गंमत अशी कीं, याच विलंबित ग्रंथाची प्रस्तावना शेक्सपिअरवरील टीकावाङ्मयांत आजही मानानें वाचली जाते. तेव्हां पोपनें वचन पाळलें म्हणून तो थोर आणि जॉन्सननें मोडलें म्हणून तो क्षुद्र, असा निकाल कोणी देणार नाहीं. उशीर झाला एवढ्यानें कृति वाईट ठरत नाहीं. परंतु त्या आठ-नऊ वर्षांत जे वर्गणीदार वाट पाहतां पाहतां निवर्तले असतील, त्यांची बाजू कोण मांडणार? वाङ्मयाचा इतिहास कृतीचा हिशेब ठेवितो. वाट पाहणाराचा हिशेब तो ठेवीत नाहीं. तो आपण ठेविला पाहिजे.

महाराष्ट्रांत या बाबतींत अभिमान वाटावा असें एक उदाहरण आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा उद्योग आरंभिला तो मर्यादित भांडवलाची मंडळी स्थापून, तिचे भाग विकून आणि वर्गणीदार गोळा करून. १९२० ते १९२९ या अवधींत तेवीस खंड बाहेर पडले. त्यांतील पहिले पांच खंड तर प्रस्तावनेचे होते. ‘अ’ अक्षराची वाट पाहणाऱ्या वर्गणीदारास आधीं ‘वेदविद्या’ आणि ‘बुद्धपूर्व जग’ यांतून वाट काढावी लागली! कुरकुर झाली नसेल असें नाहीं. पण खंड येत राहिले, आणि खंड येत राहिले म्हणजे विश्वासही टिकतो, हा त्यांतला धडा आहे. मोठ्या कामाचा एकदम पुरवठा कोणी मागत नाहीं. काम चालू आहे एवढें दिसलें पाहिजे.

दुसरें उदाहरण १९७६ सालचें. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ या चित्रपटास गुजरातेंतील सहकारी दूध-संस्थांच्या पांच लाख शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये दिले, आणि त्या दहा लाखांतून चित्रपट उभा राहिला. पटकथेंत विजय तेंडुलकरांचा हात होता आणि स्मिता पाटील यांची त्यांतली भूमिका मराठी प्रेक्षकांच्या स्मरणांत आहे. या शेतकऱ्यांस सहीची प्रत कोणी कबूल केली नव्हती. चित्रपट लागला तेव्हां ते गाड्या भरभरून तो पाहावयास गेले. त्यांची परतभेट म्हणजे तो चित्रपटच. आपली गोष्ट पडद्यावर पाहण्याचा हक्क त्यांनीं दोन रुपयांत मिळविला होता.

यानंतरच्या काळांत हा व्यवहार संगणकावर गेला. अमेरिकेंत २००८ सालीं इंडिगोगो आणि २००९ सालीं किकस्टार्टर या पेढ्या निघाल्या. आपल्याकडे मुंबईंत विशबेरीनें कलावंतांच्या संकल्पांसाठीं तसाच मार्ग काढला. २०१३ सालीं पवनकुमार यांचा ‘लुसिया’ हा कन्नड चित्रपट लोकांच्या पैशांवर पुरा झाला, आणि मोठ्या निर्मात्यांचे उंबरे न झिजवितांही चित्रपट काढतां येतो हें दिसून आलें. किकस्टार्टरचा नियम असा कीं, ठरविलेली रक्कम पुरी न जमल्यास कोणाचाच पैसा घ्यावयाचा नाहीं. हा नियम चांगला आहे. परंतु रक्कम जमल्यावर वचन पाळलें जाईल याची हमी ती पेढी घेत नाहीं. तें कलावंत आणि वर्गणीदार यांनीं आपापसांत पाहावयाचें. पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील प्राध्यापक ईथन मॉलिक यांनीं २०१५ सालीं केलेल्या पाहणींत, पैसा जमलेल्या दर शंभर संकल्पांपैकीं सुमारें नऊ संकल्पांतील परतभेट वर्गणीदारांस मिळाली नाहीं असें आढळलें. त्यांच्या आधींच्या एका अभ्यासांत, नव्या वस्तु व यंत्रें तयार करण्याच्या संकल्पांपैकीं तीन-चतुर्थांशांहून अधिक संकल्प मुदत उलटल्यावर पुरे झाल्याचें दिसलें होतें. म्हणजे फसवणूक थोडी आणि उशीर फार, असा या व्यवहाराचा एकंदर नकाशा आहे. लुच्चेगिरीचा बोभाटा करण्यापेक्षां उशिराचा विचार करणें अधिक उपयोगाचें, असें म्हणावयाचें तें याचमुळें.

या प्रश्नाची झळ आमच्या पाटोद्यासही लागली आहे. येथील दहा-बारा कुटुंबांनीं मिळून एका तरुण संग्राहकाच्या संकल्पास हातभार लाविला. तालुक्यांतील वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करावयाच्या, त्यांचें पुस्तक व मुद्रिका काढावयाची, वर्गणीदारांस आणि गाणाऱ्या प्रत्येक बाईस एक एक प्रत द्यावयाची, असें ठरलें होतें. मुदत एका वर्षाची. आज तिसरें वर्ष चालू आहे. पहिल्या सहा महिन्यांत चार पत्रें आलीं, पुढच्या वर्षांत दोन, आणि आतां एकही नाहीं. या गृहस्थाची नियत खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचें काम आम्हीं पाहिलें आहे व तें चांगलें आहे. वर्गणीदारांचे चारदोन हजार रुपये ही तर विसरण्याजोगी गोष्ट. परंतु ज्या बायांनीं ओव्या सांगितल्या त्यांतील एक गेल्या पावसाळ्यांत वारली. तिचा आवाज कोठल्या तरी यंत्रांत साठविलेला आहे, आणि तिच्या नातवंडांनीं तो अद्याप ऐकलेला नाहीं. ही थकबाकी रुपयांत मोजतां येत नाहीं.

आमच्या या डोंगरपट्ट्यांत आगाऊ पैशास एक शब्द आहे: उचल. दसरा सरला कीं येथील हजारों नवराबायको पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे ऊसतोडीस निघतात. निघण्यापूर्वीं मुकादमाकडून त्यांनीं उचल घेतलेली असते. दोघांचा मिळून एक कोयता धरतात, आणि तोडलेल्या उसाच्या वजनावर ती उचल फिटावयाची असते. हंगाम संपतांना ती फिटली नाहीं तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. आजारपण, बाळंतपण, पाऊस, कोणतीही सबब तेथें चालत नाहीं. ही रीत न्यायाची आहे असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. तिनें कित्येक संसार मोडले आहेत. पण तिच्यामुळें या भागांतील अशिक्षित माणसास एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, ती ही कीं, आगाऊ घेतलेला पैसा म्हणजे अंगावर असलेलें काम. ही जाणीव ज्यास कोयता धरतां येतो त्यास आहे आणि ज्यास लेखणी किंवा तंबोरा धरतां येतो त्यास नाहीं, हा देखावा शोभादायक नव्हे.

कोणी म्हणेल, कला म्हणजे ऊस नव्हे. मोळ्या बांधून तिचें वजन करतां येत नाहीं. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. कलावंताच्या मागें मुकादम लावावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. जॉन्सनच्या मागें मुकादम असता तर ग्रंथ १७५७ सालीं निघाला असता, पण ती प्रस्तावना त्यांत कदाचित् नसती. कलाकृतीस लागेल तो वेळ लागावा. परंतु कृतीस लागणारा वेळ आणि दोन ओळींच्या पत्रास लागणारा वेळ, या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याची सबब दुसऱ्यास चालत नाहीं. आमच्या गांवांतून सप्ताह उरकला कीं वर्गणीचा जमाखर्च पारावर वाचून दाखविण्याची किंवा फळ्यावर लिहून लावण्याची चाल आहे. तेल किती लागलें, पंगतीस धान्य किती, कीर्तनकारांची बिदागी किती, शिल्लक किती, हें सर्व ऐकून मंडळी उठतात. त्या हिशेबानें कोणाच्या भक्तींत उणेपणा येत नाहीं. उलट पुढच्या वर्षीं वर्गणी न मागतां येते.

परतभेटींच्या स्वरूपाविषयींही येथें दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. संकल्पांचीं जाहीर पत्रकें पाहिलीं तर कृतीविषयीं चार ओळी आणि भेटींविषयीं चाळीस ओळी, असें प्रमाण पुष्कळदां दिसतें. पेले, पिशव्या, छापील सदरे, सहीचीं चित्रें, कलावंताबरोबर चहा! यांतील प्रत्येक वस्तु करावयास, बांधावयास आणि टपालानें धाडावयास पैसा व वेळ लागतो, आणि तो कृतीच्याच वांट्यांतून जातो. चित्रपट काढावयास निघालेला मनुष्य अखेर पिशव्यांचा व्यापारी होऊन बसतो. शिवाय या भेटींनीं देणाराची वृत्तिही बिघडते. आपण एका कृतीस जन्म देण्यास हातभार लाविला, हा भाव जाऊन आपण एक पिशवी महाग घेतली, हा भाव उरतो. मग ती पिशवी उशिरा आली कीं राग येतो, आणि त्या रागांत कृति कशी झाली हें पाहावयाचेंच राहून जातें. ‘मंथन’च्या शेतकऱ्यांस हा रोग नव्हता, याचें कारण त्यांना कृतीवांचून दुसरें कांहीं कबूलच केलेलें नव्हतें.

वर्गणीदारांसही आमचें सांगणें आहे. आपण दिलेला पैसा हा दुकानांत मोजलेला पैसा नव्हे. पुस्तक छापून तयार असतें तर आपणांस कोणी विचारलेंच नसतें. तें तयार नाहीं, म्हणूनच आपली गरज लागली. म्हणजे नापाशीचा धोका आपण डोळे उघडे ठेवून पत्करलेला आहे, आणि एखादा संकल्प प्रामाणिकपणें फसला तर त्याबद्दल आकांडतांडव करणें आपणांस शोभत नाहीं. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. मराठी ग्रंथकारास वा गायकास दरबारी आश्रयाची आशा येथें फारशी नव्हती. जें कांहीं टिकलें तें दिंडीनें, सप्ताहानें आणि घरोघरच्या पायलीभर धान्यानें टिकलें. त्या देणारांनीं पावती मागितली नाहीं. एवढें औदार्य आपणांतही असावें. मात्र औदार्य हा देणाराचा गुण आहे. घेणारानें त्यास आपली सवलत समजूं नये.

तेव्हां कलावंतांनीं तीन गोष्टी कराव्या, असें आम्ही सुचवितों. कृतीखेरीज दुसरें कांहीं कबूल करूं नये, आणि ज्यांच्या कंठांतून अथवा हातांतून ती कृति आली त्यांची प्रत सर्वांत आधीं द्यावी. दर तीन महिन्यांनीं, काम झालें असो वा नसो, जमाखर्चासह चार ओळी लिहाव्या. आणि काम होत नाहीं अशी खात्री झाली तर तसें स्पष्ट सांगून, जेवढें जमलें असेल तेवढें, ओबडधोबड कां असेना, लोकांच्या हवालीं करावें. ओव्यांचें देखणें पुस्तक निघालें नाहीं तरी चालेल. पण ध्वनिमुद्रण ज्या घरचें त्या घरीं पोंचविण्यास छापखाना लागत नाहीं.

राजाश्रय गेला याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. राजा एकटा होता, लोक पुष्कळ आहेत. आणि पुष्कळांचा विश्वास हें एका राजाच्या मर्जीपेक्षां केव्हांही भक्कम भांडवल आहे. परंतु राजाची मर्जी गेली तर एकाच कलावंताचें नुकसान होत असे. लोकांचा विश्वास उडाला तर त्याची किंमत पुढें येणाऱ्या, अद्याप कोणापुढें हात न पसरलेल्या कलावंतांस मोजावी लागेल. आज वर्गणी घेऊन गप्प बसणारानें त्यांचा विचार करावा.