चरणजित सिंग यांचे ‘दहा राग’ : अग्रमानाचा वाद आणि रागाचा प्रश्न

मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी १९८२ साली एच. एम. व्ही.साठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. ती त्या वेळी खपली नाही, आणि तिची दखल घेणारी चर्चाही झाली नाही. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीतील एका दुकानात सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुनःप्रकाशित केली. तेव्हा युरोपातील श्रोते चकित झाले. शिकागोच्या तरुणांनी १९८७ च्या सुमारास रूढ केलेल्या ‘अ‍ॅसिड हाऊस’ या नृत्यसंगीताशी तिचे साम्य इतके विलक्षण होते की, ही जुनी ध्वनिमुद्रिका नसून कोणीतरी रचलेली थट्टा असावी, असा संशयही काहींनी व्यक्त केला. संशय फिटल्यावर दुसरे टोक गाठले गेले आणि चरणजित सिंग हे त्या संगीताचे अज्ञात जनक ठरविण्यात आले.

हे जनकत्व मान्य करण्यात एक अडचण आहे. जनक म्हटला की संतती आली, आणि संतती म्हटली की वारसा आला. मुंबईतील या न खपलेल्या ध्वनिमुद्रिकेपासून शिकागोपर्यंत जाणारा कोणताही धागा दाखविता येत नाही. दोहोंत समान असलेली वस्तू म्हणजे एक यंत्र, जपानच्या रोलंड कंपनीचे टीबी-३०३. एकट्याने गिटार वाजविणाऱ्याला साथीला बेस गिटार मिळावी या हेतूने ते बनविले गेले. बेस गिटारची नक्कल त्याला साधली नाही. त्यात स्वर आणि त्यांचा काल स्वतंत्रपणे भरावे लागत असल्याने वापरणारेही कंटाळले, आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मग जुन्या बाजारात स्वस्त झालेले हे यंत्र ‘फ्यूचर’ या शिकागोच्या त्रिकुटाच्या हाती पडले, व १९८७ च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मध्ये त्याच्या चिरक्या, वळत्या नादालाच मध्यवर्ती स्थान मिळाले. चरणजित सिंग यांनी तेच यंत्र नवे असतानाच, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि टीआर-८०८ हे तालयंत्र यांच्या जोडीने वापरले. एवढ्यावरून जनकत्व सिद्ध होत नाही.

अग्रमानाचाच हिशेब मांडायचा तर भारतातही तो त्यांच्या वाट्याला सरळपणे येत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने १९६९ मध्येच मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रयोगशाळा उभी राहिली होती. हिंदी चित्रपटसंगीतात केर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात हे वाद्य आणले. ‘कुर्बानी’ (१९८०) मधील बिद्दू यांच्या गीताने डिस्को घरोघर पोचला, आणि १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ने बप्पी लाहिरींचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले. यंत्र नवे नव्हते आणि ठेकाही नवा नव्हता. नवे होते ते या दोहोंपुढे राग ठेवण्याचे धाडस, आणि परीक्षण व्हावयास हवे ते त्याचे.

हे धाडस कोठून आले हे समजण्यास त्यांचा व्यवसाय ध्यानात घ्यावा लागतो. साठच्या दशकापासून चरणजित सिंग मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गिटार, बेस गिटार, ट्रान्सिकॉर्ड आणि पुढे सिंथेसायझर वाजवीत. राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल इत्यादींच्या वाद्यवृंदांत त्यांचा सहभाग होता. गीताच्या तबकडीवर संगीतकाराचे, गायकाचे व गीतकाराचे नाव छापले जाई. वादकाचे बहुधा नसे. ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथात या वादकवर्गाचा इतिहास त्यांच्याच मुलाखतींतून उभा केला, तोपर्यंत हा वर्ग अभ्यासाच्या कक्षेत जवळजवळ आलाच नव्हता. अशा वादकाला स्वतःच्या नावाने वाजविण्याची एक वाट मोकळी होती. ती म्हणजे लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चाली वाद्यावर वाजवून त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढणे. चरणजित सिंग यांनी अशा ध्वनिमुद्रिका केल्या, पण त्यांत चाल दुसऱ्याचीच असे. ‘दहा राग’ मध्ये मात्र दुसऱ्याची चाल नाही. सिंगापूरहून आणलेली यंत्रे त्यांच्या घरी होती, आणि चित्रपटांत डिस्कोची रेलचेल झाली असताना त्याच ठेक्यावर, तबला बाजूला सारून, राग वाजवावेत अशी कल्पना सुचल्याचे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. नव्या संप्रदायाची घोषणा त्यात नाही. व्यवसायात मुरलेल्या माणसाचा तो सहज विचार आहे, आणि म्हणूनच तो विश्वसनीय वाटतो.

स्वर आधीच बांधून दिलेल्या वाद्यावर राग वाजविता येतो काय, हा वाद मराठी रसिकाला नवा नाही. संगीत रंगभूमीने पायपेटी आणि ऑर्गन आपलेसे केले, गोविंदराव टेंब्यांनी हार्मोनियमला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. आणि तरीही आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके या वाद्याला दार बंद ठेवले. आक्षेप दोन होते : पेटीचे स्वर श्रुतींशी जुळत नाहीत, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकता न आल्याने मींड निघत नाही. चरणजित सिंग यांच्या यंत्रांना पहिला आक्षेप पूर्णपणे लागू पडतो. भैरवातील आंदोलित ऋषभ-धैवत आणि तोडीतील अतिकोमल गांधार बारा सम भागांत कापलेल्या सप्तकात बसत नाहीत. ते तेथे नुसते ‘कोमल’ होऊन राहतात.

दुसरा आक्षेप मात्र येथे उलटतो. टीबी-३०३ मध्ये दोन स्वर जोडणारी सरक आहे, आणि ज्युपिटर-८ वरही स्वर वाकविता व ओढता येतो. पेटीला जे कधीच साधले नाही ते या यंत्रांना जन्मतःच येते. हा गुण ध्वनिमुद्रिकेत हेरला गेला आहे आणि मुख्य स्वरावलीत त्याचा सातत्याने उपयोग झाला आहे. अर्थात ही मींड गायकाची नव्हे. टीबी-३०३ ची सरक ठरावीक वेळात पुरी होते, मग दोन स्वरांतील अंतर कितीही असो. कोठे रेंगाळायचे आणि कोठे झटकन उतरायचे हा गायकाच्या मर्जीचा भाग यंत्राच्या स्वाधीन गेलेला असतो. तरी ‘यंत्र म्हणजे तुटक स्वर’ हे समीकरण येथे मोडते, आणि पेटीच्या वादाशी परिचित असलेल्या अभ्यासकाला ही गोष्ट शिकागोच्या साम्याहून महत्त्वाची वाटावी.

रागांची निवडही बोलकी आहे. भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असा क्रम आहे. पहाटेकडून रात्रीकडे जाणारी एक अंधुक रेषा त्यात दिसते; पण सकाळच्या रागांमध्ये रात्रीच्या पहिल्या प्रहराचा भूप बसतो आणि शेवटी मालकंसानंतर पुन्हा सकाळचा बैरागी येतो, तेव्हा समयचक्राची फार अपेक्षा न ठेवलेली बरी. अधिक अर्थपूर्ण बाब ही की भूप, कलावती, मालकंस व बैरागी हे चारही राग निखळ औडव आहेत, मेघाची प्रकृती औडवच आहे, आणि मधुवंतीचा आरोहही पाच स्वरांचा आहे. पाच स्वरांची आवर्तने सोळा घरांच्या यंत्रात भरली की त्यांत रागाची ओळख लवकर पटते आणि पुनरावृत्तीने ती घट्ट होते. मालकंस आणि कलावती यशस्वी होतात ते यामुळे. ललताचे तसे नाही. दोन मध्यमांची लागोपाठ योजना आणि पंचमाचा त्याग यांतून त्याची व्याकुळता निर्माण होते. तिला थांबे लागतात, आणि अखंड ठेका थांबे देत नाही.

येथेच साम्याचा उलगडाही होतो. पाश्चात्त्य डिस्को कितीही यांत्रिक असला तरी तो बहुधा स्वरसंघांच्या बदलावर चालतो. रागाला स्वरसंघ नको असतात. त्याला एक अचल षड्ज, मोजके स्वर आणि त्यांचे पुनःपुन्हा नव्याने दर्शन हवे असते. राग यंत्रावर चढविताच स्वरसंघ आपोआप गळून पडले आणि नादाचा रंग बदलत नेणे एवढेच वैचित्र्याचे साधन उरले. शिकागोच्या तरुणांनी नृत्यगृहाच्या गरजेपोटी गीत, स्वरसंघ, वाद्यवृंद हे सारे काढून टाकले आणि तेही त्याच जागी येऊन पोचले. दोन वाटा वेगळ्या होत्या, आणि त्या एका यंत्रापाशी मिळाल्या.

यशाइतकीच उणीवही नेमकी सांगता येते. सोळा घरे आणि त्रितालाच्या सोळा मात्रा या योगायोगाने मोहून जाण्याचे कारण नाही. त्रितालाचे चैतन्य नवव्या मात्रेवरील कालात, भरीचा भार उचलून घेण्यात आहे. डिस्कोचा ठेका प्रत्येक मात्रेवर सारखाच आघात करतो. त्याला काल नाही, आणि म्हणून समेचे आगमनही नाही. आलाप तर आरंभीच्या अल्प तालविरहित स्वरावलीतच आटोपतो, आणि विलंबिताकडून द्रुताकडे जाणारी वाढ कोठेच नाही. तबला बाजूला सारण्याचा निर्णय वाटला त्याहून महाग पडला, असे म्हणावे लागते. रागाचे स्वरशरीर राहिले, पण कालशरीर गेले.

१९८२ मध्ये या कृतीला श्रोता का मिळाला नाही, हेही यातून समजते. रागाच्या रसिकाला तिच्यात विस्तार मिळेना आणि नाचणाऱ्याला गाणे मिळेना. वाद्य मात्र थांबले नाही. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, भंडारा जिल्ह्याच्या अड्याळपासून वडशापर्यंत, भाताची कापणी उरकल्यावर मंडईच्या निमित्ताने रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांत इलेक्ट्रॉनिक कळफलकाचे वाद्य ‘ऑर्गन’ या जुन्या संगीत नाटकाच्या नावानेच वाजते आणि शेजारी ऑक्टोपॅड असतो. तेथे नाट्यपदाला साथ करणारा वादक स्वर वाकवितो, तेव्हा यंत्र आणि राग यांचा संबंध पुस्तकी राहत नाही. चरणजित सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकेशी या रंगभूमीचा संबंध जोडणे हा पुन्हा जनकत्वाचाच मोह ठरेल. मात्र संशोधकाने प्रश्न तोच विचारावा : कोणता राग या वाद्यावर टिकतो, कोणता विरतो, आणि कोणत्या जागी?

पुनःप्रकाशनानंतर चरणजित सिंग यांना युरोपातील रंगमंचांवर बोलावणी आली आणि सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी तीच यंत्रे घेऊन हे राग प्रत्यक्ष वाजविले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मृत्युलेखांतून ‘अ‍ॅसिड हाऊस’चा उल्लेख अग्रभागी होता, कलावती आणि मालकंस त्यांनी कसे वाजविले याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.